हवेतल्या आऱ्या

"सायेब, कालच्यापेक्षा बोटभर खाली आलीय," गजराबाई म्हणाल्या. "पर भुई अजून लांब हाय."

मी पट्टी लावली. आरी अकरा सेंटिमीटर. तिच्या टोकापासून कुंडीतल्या मातीपर्यंत अजून चौदा. मी वहीत दोन्ही आकडे लिहिले आणि पुढच्या कुंडीकडे सरकलो. गजराबाई जागच्या हलल्या नाहीत.

"रोज लिवून घेताय. लिवून ती पोचती काय?"

मी हसल्यासारखं केलं. मला बहुतेक वेळा उत्तर रात्री अंथरुणावर सुचतं, आणि तेव्हा विचारणारं माणूस समोर नसतं.

याला आता पन्नास वर्षं होत आली. कृष्णाकाठच्या एका भुईमूग संशोधन केंद्रावर मी संशोधन सहायक म्हणून लागलो होतो. वय सव्वीस. पुण्यात वाढलेला, भुईमूग दाण्याच्या कुटातूनच ओळखणारा. केंद्राचे प्रमुख डॉ. पाटणकर मला 'टेंबे' म्हणत, बायामाणसं 'टेंबेसायेब', आणि दोन्ही हाकांना ओ देताना मला आपण कुणा दुसऱ्याच्या जागेवर उभे आहोत असं वाटत असे.

भुईमुगाचं फूल जमिनीच्या वर येतं आणि शेंग जमिनीच्या आत धरते, हे सगळ्यांना माहीत असतं. मधलं फारसं कुणी बघत नाही. पिवळं फूल सकाळी उमलतं, दुपारपर्यंत मलूल होतं. मग फुलाचा जो मादी भाग बुडाशी उरतो, त्याच्याखालून एक देठ वाढू लागतो. तो देठ त्या इवल्या भागाला टोकावर घेऊन सरळ खाली, मातीकडे निघतो. पुस्तकात त्याला किंजधर म्हणतात. शेतकरी आरी म्हणतात. आरी मातीत शिरली, तिला अंधार मिळाला, की टोकाला शेंग धरते. नाही पोचली तर वाळते. उघड्या हवेत शेंग होत नाही.

आमच्या आऱ्या हवेत होत्या.

त्या साली डॉक्टरांनी कुठून कुठून खटपट करून एका परदेशी भुईमुगाचं मूठभर बी मिळवलं होतं. त्याच्या पानांवर तांबेरा रोग पडत नसे. त्याचे पराग आमच्या उभट जातीच्या फुलांवर टाकायचे आणि संकराचं बी धरायचं, असा बेत होता. त्या परदेशी बियांतून तीन रोपं उगवली, दोन मेली. उरलेलं एक फुलायलाच तयार होईना. ते फुललं तेव्हा आमच्या झाडांची बुडाजवळची फुलं संपून गेली होती. वरच्या पेरांवरच काय ती शिल्लक. मग गजराबाई संध्याकाळी चिमट्याने कळ्यांतले परागकोश काढायच्या आणि पहाटे परदेशी फुलाचे पराग त्यांना लावायच्या. ज्या पेरावर संकर केला तिथं तांबडा दोरा बांधायच्या. अकरा दिवस हे चाललं. बाराव्या दिवशी ते एकुलतं झाड मूळकूज होऊन बसलं. म्हणजे आता जे काय होतं ते त्या तांबड्या दोऱ्यांपाशी.

गजराबाईंएवढा हलका हात केंद्रावर कुणाचा नव्हता. बोटं जाड, मातीनं काळी पडलेली, पण चिमट्यात धरलेली कळी कधी चुरगळली नाही. सात वर्षं त्या रोजंदारीवर होत्या. काम असलं की बोलावणं, नसलं की घरी. दिल्लीला दोन महिन्यांच्या कामासाठी जाताना डॉक्टर जाळीघराच्या दाराशी थांबले आणि त्यांना म्हणाले, "गजरा, परत येईन तेव्हा या संकराच्या मूठभर शेंगा माझ्या हातात ठेव. तुझं नाव कायमच्या जागेसाठी मी स्वतः पाठवतो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, की संकर झालेल्या झाडांना त्यांच्या परवानगीशिवाय कुणी काही करायचं नाही. रोज बघायचं आणि लिहायचं. मी मान हलवली. बघणं आणि लिहिणं ही दोन कामं मला जमत होती.

एप्रिल लागला आणि ऊन तापलं. आऱ्या खाली येत होत्या, पण कुंडीतली माती लांब होती. बाहेर शेतात भुईमुगावर रिकामे ड्रम फिरवत होते. ड्रमच्या ओझ्याने फांद्या जमिनीला टेकतात आणि आऱ्या मातीत घुसतात, ही तिथली नेहमीची रीत. गजराबाई जाळीतून तिकडं बघत म्हणाल्या, "ह्येंच्यावर बी काय तरी फिरवाया पायजे." कुंडीवर ड्रम फिरवता येत नाही हे त्यांनाही माहीत होतं. त्या म्हणाल्या, एखादी फांदी हलकेच वाकवून सुतळीनं बांधून बघू. मला ते पटलं असावं, कारण मी नको म्हणालो नाही. त्यांनी फांदी वाकवली. ती पेरातच कट्‌ करून मोडली. दोन तांबडे दोरे तिच्याबरोबर गेले.

गजराबाई मोडकी फांदी हातात धरून उभ्या राहिल्या. मी वहीत लिहिलं, 'फांदी मोडली.' कुणी वाकवली ते लिहिलं नाही. कुणी होकार दिला तेही नाही.

त्यानंतर मी जो सावध झालो तो झालोच. दुसऱ्या दिवशी त्यांनी करवंट्यांची कल्पना काढली. कुंडीत काठ्या रोवायच्या, काठीला तारेने करवंटी बांधायची, तिच्यात ओली माती घालायची आणि करवंटी आरीच्या टोकाखाली आणायची.

"ती भुईला येत न्हाई तर भुईच वर नेऊ," त्या म्हणाल्या. "तुमी निस्तं व्हय म्हना."

मी म्हणालो, विचार करतो. खोलीवर जाऊन चार पुस्तकं काढली. एकातही करवंटीचा उल्लेख नव्हता. करवंटीतली माती तापेल का? काठी रोवताना मुळं तुटतील का? इतकी ढवळाढवळ केल्यावर हा प्रयोग डॉक्टरांनी आखलेला प्रयोग राहील का? प्रत्येक प्रश्नाला माझ्याकडे दोन उत्तरं होती आणि दोन्ही मला सारखीच पटत होती.

मी डॉक्टरांना पत्र लिहायला घेतलं. पहिलं पत्र फार लांब झालं. दुसऱ्यात मी करवंटीच्या बाजूने बोलतो आहे असं वाटलं, म्हणून फाडलं. तिसरं दोन दिवसांनी टाकलं. त्यात दोन्ही बाजू इतक्या समतोल मांडल्या होत्या की वाचणाऱ्याला मला काय हवंय याचा थांग लागू नये. गजराबाईंनी विचारलं, ट्रंक कॉल का लावत नाही? केंद्राच्या कचेरीत फोन होता. मी म्हणालो, एवढ्यासाठी डॉक्टरांना त्रास कशाला. खरं म्हणजे फोनवर त्यांनी मला विचारलं असतं, "टेंबे, तुमचं काय मत?"

तोवर आऱ्या वाळायला लागल्या होत्या. आधी टोक तपकिरी होई, मग सुरकुते, मग बोट लावलं की सबंध आरी दोऱ्यासारखी खाली पडे. मी रोज लिहीत होतो. 'आरी हवेत. आरी हवेत. वाळली.' गजराबाई रोज सकाळी नको असलेली नवी फुलं खुडून टाकत, म्हणजे त्या पेरांवर संकराशिवाय दुसरी शेंग धरू नये. मी त्यांच्याजवळ स्टुलावर बसून लिहीत असे. बोलणं संपलं होतं. एकदा मात्र त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुमचा कागूद दिल्लीला पोचंस्तवर हितं कोळसा हुतोय बगा."

मग रविवार आला. मी सकाळच्या गाडीने साताऱ्याला गेलो. वाचनालयात एक जुना अहवाल आहे असं कळलं होतं, त्यात काही सापडेल अशी आशा होती. काही सापडलं नाही. सोमवारी जाळीघरात शिरलो आणि दारातच थांबलो.

प्रत्येक कुंडीत काठ्या होत्या. काठ्यांना करवंट्या. कुठे एक, कुठे तीन, उंच सखल, आऱ्यांच्या उंचीप्रमाणे. प्रत्येक करवंटीच्या बुडाला पाणी झिरपायला भोक पाडलेलं. बहुतेक आऱ्यांची टोकं मातीत गेली होती. गजराबाई तांब्याने मातीवर पाणी शिंपत होत्या. गावातल्या घराघरांतून आणि मारुतीच्या देवळातून त्यांनी करवंट्या गोळा केल्या होत्या, आणि रविवारचा सबंध दिवस एकटीने हे केलं होतं.

"काडाय सांगा, काडते," त्या म्हणाल्या.

मी सगळ्या कुंड्यांभोवती फिरलो. एकही आरी मोडलेली नव्हती. "राहू द्या" असंही मी म्हणालो नाही. "काढा" असंही नाही. मी स्टुलावर बसलो, वही उघडली आणि पेन हातात धरलं. काय लिहायचं? करवंट्या लावल्या, असं लिहिलं तर कुणाच्या परवानगीने, हे येणार. म्हणून त्या दिवशी तारीख घातली आणि खालची जागा कोरी ठेवली. डॉक्टरांचं पत्र आलं की त्याप्रमाणे भरू, असं ठरवलं.

पत्र बुधवारी आलं. चारच ओळी. विचारलंत ते बरं केलंत, कशालाही हात लावू नये, मी आल्यावर पाहीन. मी ते पत्र घडी घालून एका जाड पुस्तकात ठेवलं. गजराबाईंना सांगितलं नाही. करवंट्या तशाच राहिल्या. वहीची पानं कोरीच राहिली. रोज सकाळी मी स्टुलावर बसे, त्या फुलं खुडत, करवंट्यांत पाणी शिंपत आणि कुठली आरी मातीत गेली ते कुंडीच्या नंबरानं मला सांगत. मी ते नंबर मनात धरून ठेवी.

मे सरता सरता पानं पिवळी पडू लागली. डॉक्टर चार दिवसांत येणार होते, पण वळवाचा पाऊस झाला आणि करवंट्यांत ओल राहिली तर शेंगा कुजतील, म्हणून आम्ही काढणी करून टाकली. गजराबाईंनी एकेक करवंटी हळूच उपडी केली. मातीचा गोळा सुटे आणि आत शेंग असे. पांढरी, ओली, टोकाला चोच. शेंगेबरोबर तिच्या पेराचा तांबडा दोरा पाकिटात घालायचा, असं आमचं चाललं होतं. सतरा शेंगा निघाल्या. सतरावी शेंग गजराबाईंनी पदराने पुसून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "घ्या. झाली मूठ."

त्या दिवशी मी इतका खूश होतो की चहा पिताना त्यांना कपबशी मीच नेऊन दिली. त्यांनाही ते विचित्र वाटलं असेल.

डॉक्टर आले. टेबलावर सतरा पाकिटं मांडलेली होती. गजराबाई दारात उभ्या होत्या. डॉक्टरांनी पहिल्यांदा वही मागितली. बोटाने पानं उलटत गेले. 'आरी हवेत, आरी हवेत', आणि मग तारखा, नुसत्या तारखा.

"हे काय आहे, टेंबे?"

मी सांगितलं. सांगताना मागचं पुढं झालं. करवंट्या, रविवार, पत्र. डॉक्टर ऐकत होते. रागावले नाहीत. त्यांचा राग मला परवडला असता. मग त्यांनी गजराबाईंना विचारलं आणि त्यांनी सरळ सांगितलं. होय, मीच केलं. सायेबांचा काही संबंध नाही. आऱ्या वाळत होत्या, डोळ्यांनी बघवेना.

डॉक्टरांनी एक पाकीट उघडलं, शेंग तळहातावर घेतली. आमच्या उभट जातीची शेंग, तीनदाणी, लांबट. संकराची असली तरी ती आईसारखीच दिसणार. दाण्याचा रंगही आईचाच. आत काय आहे हे तो दाणा पेरून झाड आल्याशिवाय कळायचं नाही.

"त्या पेरांवर दुसरी फुलं येत होती ना?" त्यांनी विचारलं. "ती कोण काढत होतं?"

"म्या," गजराबाई म्हणाल्या. "रोज सकाळी. सायेब बसल्याले असायचे की जवळ."

मग त्यांनी जे सांगितलं ते केंद्रावर सगळ्यांना माहीत होतं, पण त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. सहा वर्षांपूर्वी त्यांनी एक संकर परिषदेत जाहीर केला होता. पुढच्या हंगामात सगळी झाडं आईसारखीच निघाली. कुणी तरी साहेबांना खूश करायला भलत्याच शेंगांना दोरे बांधले होते. पुढची तीन वर्षं लोक त्यांना विचारत होते, काय पाटणकर, तुमचा संकर कुठवर आला?

"दोरा कुणालाही बांधता येतो," ते म्हणाले. "मी गजराला खोटं म्हणत नाही. पण मला दोऱ्यावर जायचं नाही. माणसावर जायचंय. टेंबे, तुम्ही जवळ होता. या सतरा शेंगा संकर केलेल्या फुलांच्याच आहेत, हे तुम्ही खात्रीनं सांगू शकता? तुम्ही हो म्हणा, मी उद्या लावतो."

गजराबाईंनी माझ्याकडे बघितलं. काळजीने नाही. उत्तर ठरलेलंच आहे, अशा नजरेने.

मला काय वाटत होतं ते मी आजही जसंच्या तसं सांगू शकतो. मला माहीत होतं. प्रत्येक आरी मी तीन आठवडे पाहिली होती. तिची लांबी मला पाठ होती. पण 'खात्रीनं' हा शब्द ऐकला आणि माझ्या डोक्यात तो रविवार आला. त्या दिवशी मी साताऱ्याला होतो. त्या एका सकाळी एखादं फूल राहून गेलं असेल तर? करवंटी बांधताना शेजारची एखादी आरी आत गेली असेल तर? सतरांतली एक? आणि वही कोरी. वही मी कोरी ठेवली. आता कोऱ्या वहीवर मी कुठल्या तोंडाने हो म्हणू?

एक वाक्य माझ्या जिभेवर होतं. 'लावून तर बघू, सर.' एवढंच. सतरा कुंड्या. तीन महिने. खात्री झाडांनीच दिली असती, माझ्या हो-नाहीचं कामच नव्हतं. पण डॉक्टरांनी विचारलं होतं खात्रीबद्दल, आणि मला प्रश्नाचं उत्तर द्यायची सवय होती.

"एक दिवस मी नव्हतो, सर," मी म्हणालो. "खात्रीनं असं… नाही सांगता येणार."

डॉक्टरांनी शेंग पाकिटात परत ठेवली. ते थकल्यासारखे दिसले. "ठीक आहे," ते म्हणाले. "निदान प्रामाणिकपणे सांगितलंत." मग पाकिटं बाजूला सारत गजराबाईंना म्हणाले, की या शेंगा तू घरी नेल्यास तरी चालेल, आणि आता पावसाळ्यापर्यंत जाळीघरात काम नाही, लागलं तर निरोप धाडू.

गजराबाईंनी पाकिटं फोडली. दोरे टेबलावरच राहू दिले. शेंगा ओच्यात घेतल्या आणि गेल्या.

मी चार दिवस काढले. पाचव्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. वाटेत मी वाक्यं जुळवत होतो. मी डॉक्टरांना भेटून सांगेन, शेंगा परत मागून घेईन, स्वतःच्या जबाबदारीवर लावेन. हे शेवटचं मला वाटेतच सुचलं आणि इतकं बरोबर वाटलं की माझी पावलं झपाझप पडायला लागली. वस्तीवरच्या खोपटापुढं त्या तुरीच्या काठ्यांची जुडी बांधत होत्या. मला बघून त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं. घरचं माणूस आल्यासारखं सगळं. मग आत गेल्या आणि एका ताटलीत उकडलेल्या शेंगा घेऊन आल्या.

तीनदाणी. लांबट. टोकाला चोच. त्या भागात तसल्या शेंगा कुणाच्या शेतात नव्हत्या.

"खावा," त्या म्हणाल्या. "आजच उकडल्यात. मीठ घालून."

मी ताटलीकडे बघत राहिलो. मग विचारलं, "एखादी कच्ची राहिलीय का, गजराबाई?"

"कशाला?"

"लावून बघितली असती."

त्या समोर उकिडव्या बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"ह्ये तितं म्हनायचं हुतं, सायेब," त्या म्हणाल्या. "हितं म्हनून काय उपेग? कच्ची न्हाई एक बी. सात वर्सं दुसऱ्याची ताटं वाढली, एक डाव म्हनलं आपुन खाऊन बगू."

त्यांनी एक शेंग फोडून दाणे माझ्या हातावर ठेवले. मी खाल्ले. मग दुसरी फोडली, तीही खाल्ली. त्या फोडून देत होत्या, आणि मी खात होतो. ताटलीत टरफलं साठत गेली.

"बरी हाय का चव?"

"चांगली आहे," मी म्हणालो.

"खात्रीनं सांगताय न्हवं?"

त्या हसल्या. मी मान खाली घालून हो म्हणालो.